चादर वाळत घालणारी बाई

सकाळी नऊला मी न्हाणीघरात
ग्लिसरीनमध्ये ब्राँझची पूड कालवते.
आधी कोल्ड क्रीम, मग मान, मग कान,
पापण्या सगळ्यात शेवटी.
कानामागे नेहमी थोडं राहून जातं.
बहीण म्हणते, नेलिदा, तू तिथूनच म्हातारी होशील.

दर रविवारी, ब्युनोस आयर्सच्या जुन्या बाजारात,
सोड्याच्या निळ्या बाटल्या विकणाऱ्या ओविदिओच्या शेजारी
माझी जागा. अकरा वर्षं.
एक लाकडी खोकं, एक दोरी,
आणि शिवणीत तार घातलेली चादर,
कायमची डावीकडे उडालेली.
माझा वारा मी घरून आणते.
जुलैत नदीवरून खरा वारा येतो तो उजवीकडून,
तेव्हा माझं नि चादरीचं हसं होतं.
पण आम्ही हसायचं नसतं.

लोकांना वाटतं, अवघड असतं ते न हलणं.
न हलणं काय, मेलेल्यांनाही जमतं.
अवघड आहे ते हलायच्या बेतात असणं,
पाच तास.
टाच किंचित उचललेली, दातांत चिमटा.
श्वास घ्यायचा तो पाठीत.
पापणी मिटायची ती
समोरचा खिसे चाचपायला खाली बघेल तेव्हा.
नाकाच्या शेंड्याला खाज आली
तर मनात बसचे थांबे म्हणायचे.
बहुतेक खाजा तिसऱ्या थांब्यावर उतरतात.

पूर्वी नाणं पडलं की मी एक चिमटा लावायची.
आता महागाईत नाण्यांना कोण विचारतो?
नोटा टाकतात. नोटेला आवाज नाही,
आणि मला खाली बघता येत नाही.
म्हणून नोट पडली की ओविदिओ
बाटलीवर चमचा वाजवतो.
टण. एक चिमटा.

पुतळ्यासमोर कुणी काही लपवत नाही.
नवरे पैसे मोजतात. बायका पट्टा सरळ करतात.
एकदा एक जोडपं माझ्या चादरीआड
हळू आवाजात पार तुटलं,
आणि जाताना मला दहाची नोट देऊन गेलं.

त्या रविवारी तो पोरगा.
तेरा-चौदाचा, स्वेटरच्या बाह्या तोकड्या.
माझ्याकडे तोंड वासून बघणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या
कोटाच्या खिशात त्याची दोन बोटं.
म्हणजे गळ माझा होता,
मासा तेवढा त्याचा.

बाटली वाजली नव्हती.
तरी माझा हात दोरीवरून सुटला
आणि बोट सरळ त्याच्यावर.
अकरा वर्षांत पहिल्यांदा फुकट हलले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पोरगा पळाला नाही.
होता तिथं थिजला. बोटं खिशात,
टाच किंचित उचललेली.
पापणी नाही. श्वास पाठीत.
मला हे साधायला दोन हिवाळे लागले होते.
काही मुलं शिकत असतील घरीच,
दाराबाहेर कुणाची पावलं थांबली की.

आम्ही समोरासमोर. किती वेळ, माहीत नाही.
सहा थांबे झाले असतील.
म्हाताऱ्याला वाटलं, हा माझाच साथीदार.
तो मान वळवून त्याच्याकडे कौतुकानं बघायला लागला.
कुणीतरी पोराच्या पायाशी नोट टाकली.
ओविदिओनं, सवयीनं,

टण.

पोरानं बोटं बाहेर काढली, रिकामी.
म्हाताऱ्याच्या खिशाची दुमडलेली पट्टी
वरून हातानं सारखी केली,
वाळलेल्या कपड्याची घडी करावी तशी.
नोट उचलली. गेला. चालतच.

माझं बोट तिथंच राहिलं.
लावलेलं असतं तर काढलंही असतं,
हे आपलं आपण गेलेलं,
परत कसं आणायचं ते ठरलं नव्हतं.
कुणी नोटही टाकेना.
पिवळी टोपी घातलेली एक पर्यटक बाई आली,
मी दाखवतेय तिकडे तिनं पाहिलं.
तिथं फक्त साखरेत शेंगदाणे परतणाऱ्याचा धूर होता.
तिनं त्याचा फोटो काढला.